एअरस्पीडचा काटा, कुंभारीण माशी आणि ४५ अंशांचं ऊन

साठ नॉट म्हणजे साठ मिलिमीटर पाणी. एअरस्पीडच्या, म्हणजे हवेतला वेग दाखवणाऱ्या, यंत्राबद्दल शिकाऊ वैमानिकाने हे एक वाक्य पाठ केलं तरी पुढचं बरंच सोपं जातं. विमान ६० नॉटने, म्हणजे ताशी १११ किलोमीटरने, हवा कापत असतं तेव्हा पंखाखालच्या नळीच्या तोंडाशी हवेचा जो जादा दाब साचतो, तो पाणी जेमतेम सहा सेंटिमीटर वर ढकलू शकतो. फुगा फुगवायला याच्या कितीतरी पट जोर लागतो. एवढ्याशा दाबावर विमानाचा काटा हलतो आणि त्या काट्याच्या भरवशावर माणूस जमिनीपासून पन्नास फुटांवर आपला जीव तोलत असतो.

गोंदियाजवळ बिरसीला, चंद्रपूरजवळ मोरव्याला धानाच्या बांद्या नि वावरांवरून शिकाऊ विमानं घिरट्या घालताना दिसतात. आता आपल्याकडची खेड्यापाड्यातली पोरंही या शिक्षणाकडे वळू लागली आहेत. पुस्तकं इंग्रजीत, त्यातली उदाहरणं थंड देशांतली आणि धावपट्टी मात्र आपल्या मे महिन्यातली. त्यामुळे एअरस्पीड म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या भागात तिथे काय काय बिघडतं, हे मराठीत सविस्तर लिहिलेलं बरं.

काटा काय मोजतो

वैनगंगेला पूर आला की पुलाच्या खांबाला पुढच्या बाजूने पाणी चढतं. पाणी सेकंदाला २ मीटर वाहत असेल तर ते खांबावर सुमारे २० सेंटिमीटर वर येतं. धार दुप्पट जोराची झाली तर ८० सेंटिमीटर. वेग दुप्पट, चढ चौपट. फ्रान्समध्ये आँरी पितो यांनी १७३२ साली सेन नदीचा वेग मोजायला वाकवलेली काचेची नळी वापरली, ती याच तत्त्वावर. नदीतली तीच नळी पुढे विमानाला लागली आणि आपण तिला पिटो ट्यूब म्हणतो.

विमानात दोन दाब घ्यावे लागतात. पिटोच्या तोंडात समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब अधिक भोवतालचा दाब असे दोन्ही येतात. त्यातून भोवतालचा दाब वजा करायला विमानाच्या अंगावर स्टॅटिक पोर्ट नावाची बारीक छिद्रं असतात. ती अशा जागी ठेवलेली असतात, की वाहती हवा त्यांना घासून जाते, त्यांच्यात घुसत नाही. यंत्राची डबी बंदिस्त असते. तिच्या पोटात पातळ पत्र्याची, पापडासारखी चपटी पोकळ चकती. चकतीच्या आत पिटोचा दाब, बाहेर डबीत स्टॅटिकचा. दोन्हींतल्या फरकाने चकती फुगते, तिला जोडलेल्या दांड्या-चाकांनी काटा फिरतो. बस, इतकंच. काचेच्या पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या नव्या विमानांत चकतीच्या जागी सेन्सर आणि संगणक आला, पण नळी आणि छिद्रं तीच आहेत.

ज्याला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल त्याने औषधाच्या दुकानातून सलाइनची पारदर्शक नळी आणावी, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पाटीवर बांधावी आणि तिच्यात रंगवलेलं पाणी अर्धवट भरावं. नळीचं एक टोक लांब ठेवून समोर वाऱ्याकडे धरायचं, दुसरं पाटीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असं. मोटारसायकलच्या मागे बसलेल्याने रिकाम्या रस्त्यावर हे धरावं, चालवणाऱ्याने नाही. ताशी ३० किलोमीटरला दोन्ही बाजूंच्या पाण्यात ४ मिलिमीटरचा फरक दिसेल. हिसक्यांमध्ये तो नीट वाचताही येणार नाही. ६० ला तो १६-१७ मिलिमीटर होईल. विमानाचं यंत्र कमी वेगाला का भरवशाचं नसतं आणि ४० नॉटच्या खालच्या आकड्यांना फारसा अर्थ का नसतो, ते तिथेच कळतं.

विमानाचे आकडे याच मापात, प्रमाणित समुद्रसपाटीच्या हवेला धरून असे: ४० नॉटला २६ मिलिमीटर पाणी, ६० ला ६०, ८० ला १०६, १०० ला १६६ आणि १२० ला २४०. हे आकडे जवळ ठेवा, अडथळ्यांचा हिशेब करताना पुन्हा लागतील.

वेग एकच, नावं चार

काटा दाखवतो तो इंडिकेटेड. नळीच्या जागेमुळे आणि विमानाच्या कलामुळे पडणारी चूक दुरुस्त केली की कॅलिब्रेटेड. हवेच्या घनतेचा हिशेब लावला की ट्रू, म्हणजे हवेतून विमानाचा खरा वेग. त्यात वारा मिळवला किंवा वजा केला की ग्राउंड स्पीड.

यातल्या कॅलिब्रेटेडकडे पोरं फारसं बघत नाहीत, कारण नेहमीच्या वेगाला तो नि इंडिकेटेड जवळपास सारखेच असतात. स्टॉलजवळ, म्हणजे पंखाची उचल तुटते त्या वेगाजवळ, मात्र विमानाचं नाक वर असतं, हवा नळीत तिरपी शिरते आणि काटा कमी दाखवतो. सेस्ना १७२ एस या शिकाऊ विमानाच्या हँडबुकात पूर्ण फ्लॅपसह (फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी फळी) स्टॉलचा वेग काट्यावर ४० नॉट आहे, पण तोच कॅलिब्रेटेड ४८. आता उतरण्याचा वेग स्टॉलच्या १.३ पट असावा, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. कुणी ४० ला १.३ ने गुणलं तर ५२ येतात. ५२ नॉटने अंतिम टप्प्यावर येणं म्हणजे धोक्याला आवतण. गुणाकार कॅलिब्रेटेडवर करायचा असतो: ४८ गुणिले १.३ म्हणजे सुमारे ६२. हँडबुकात छोट्या धावपट्टीसाठी ६१ नॉट दिलेत, ते उगाच नाही.

ग्राउंड स्पीड जीपीएस दाखवतो आणि मोबाइलच्या जमान्यात पोरांचा त्याच्यावरच जास्त विश्वास. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. समोरून २० नॉट वारा असेल तर ६५ नॉटचं विमान जमिनीवर ४५ नॉटने सरकतं आणि तरी मजेत उडत असतं. मागून २० असेल तर जीपीएस ८५ दाखवेल, पण पंखाखाली ६५ च असतील. फवारणीच्या ड्रोनचं गणित निराळं. तो पंखाच्या नव्हे, फिरत्या पात्यांच्या जोरावर टांगलेला असतो आणि एकरी औषध किती पडेल ते जमिनीवरच्या वेगावरून ठरतं, म्हणून त्याला जीपीएस चालतो. ड्रोन शिकून विमानाकडे आलेल्या पोरांना ही सवय आधी मोडावी लागते.

मे महिन्याची दुपार

बिरसी काय, नागपूर काय, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर. या उंचीला प्रमाणित तापमान १३ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५. म्हणजे ३२ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर घनता-उंची (हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची) हजारावरून पावणेपाच हजारांच्या पुढे जाते. विमान उभं असतं धानाच्या बांदीशेजारी, पण इंजिनाला, पंख्याला नि पंखाला वाटतं आपण डोंगरावर आहोत. उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो, त्याचे दोन-तीनशे फूट आणखी वर धरा.

विरळ हवेत ६५ नॉटएवढा दाब साचवायला विमानाला जास्त जोरात धावावं लागतं. डिसेंबरच्या सकाळी १० अंशांत काट्यावर ६५ असताना खरा वेग ६५.५ च्या आसपास असतो. मे महिन्यात ४५ अंशांत तोच काटा ६५ दाखवत असताना खरा वेग ६९.५ असतो. फरक चार नॉटचा, ताशी साडेसात किलोमीटरचा. दिसायला किरकोळ, पण चाकं टेकताना विमानात जी ऊर्जा असते ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे सुमारे १२ टक्के जास्त. ब्रेकला तेवढं जास्त काम.

आता शिकाऊ वैमानिक दोनपैकी एक चूक करतो. पहिली: ‘उन्हाळा आहे, पाच नॉट जास्त ठेवू.’ गरज नाही. काटा दाब मोजतो आणि पंखही दाबावरच तरतो. हवा विरळ झाली तर दोघांनाही सारखीच विरळ. स्टॉल काट्यावर त्याच आकड्याला होतो, डिसेंबर असो की मे. वर पाच नॉट घेतले की विमान धावपट्टीवर तरंगत राहतं आणि आधीच लांबलेलं अंतर आणखी लांबतं.

दुसरी चूक जास्त घातक. डोळ्यांना जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे जाताना दिसते, मन म्हणतं वेग फार झाला, आणि हात नकळत नाक वर उचलतो. अशा वेळी काटा ६५ म्हणत असेल तर ६५ च खरे.

उड्डाणाला लागणारं अंतर तर याहून जास्त वाढतं, कारण इंजिनाचीही ताकद गेलेली असते. १७२ एसच्या तक्त्यात पूर्ण वजन २५५० पौंड, हजार फूट दाब-उंची (हवेच्या दाबावरून धरलेली उंची), वारा शून्य, कोरडी डांबरी सपाट धावपट्टी आणि छोट्या धावपट्टीची पद्धत असं धरून १० अंशांना चाकं सुटायला १०१० फूट लागतात, ५० फुटी झाड ओलांडायला १७२०. चाळीस अंशांना तेच १२६० आणि २१३५. आणि तक्ता चाळीसला संपतो. विदर्भातली मे महिन्याची दुपार त्या कागदावर नाहीच! तक्त्याबाहेरचा आकडा अंदाजाने वाढवून घेणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार, पण तो करू नये. पहाटे साडेपाच-सहाला उडा, नऊच्या आत विमान हँगरात. कोरड्या गवताची पट्टी असेल तर जमिनीवरच्या धावेत तिचेच १५ टक्के आणखी मिळवायचे.

रंग आणि जे रंगात नाही ते

यंत्राच्या गोलावर रंगीत कमानी असतात. १७२ एसला पांढरी ४० ते ८५, फ्लॅप पूर्ण उघडे ठेवता येतात तो पट्टा. हिरवी ४८ ते १२९, नेहमीचा वापर. पिवळी १२९ ते १६३, फक्त शांत हवेत. १६३ ला लाल रेघ, तिच्यापुढे कधीच नाही. वेगवेगळ्या सालांच्या विमानांत या आकड्यांत फरक असतो, म्हणून ज्या विमानात बसायचं त्याचं हँडबुक बघायचं.

नांगरलेल्या काळ्या वावरावर दुपारी हवा उकळत असते. वावटळी उठतात, विमान वर-खाली फेकलं जातं. तिथे पिवळी कमान विसरा. खरं तर हिरव्याचाही वरचा भाग सोडावा आणि मॅन्युव्हरिंग स्पीडच्या खाली राहावं. त्या वेगाला वाऱ्याचा झोत मोठा आला तरी पंख तुटण्याआधी स्टॉल होतो. हा आकडा गोलावर रंगवलेला नसतो, कारण तो वजनाप्रमाणे बदलतो: २५५० पौंडांना १०५ नॉट, १९०० पौंडांना ९०. हलक्या विमानाला कमी वेग का, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. हलकं विमान झोतात जास्त जोराने उसळतं, म्हणून त्याला आधीच सावकाश न्यायचं.

गोलावर नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे वळण. हिरव्या कमानीच्या सुरुवातीचा ४८ हा फ्लॅपशिवायचा स्टॉलचा आकडा सरळ उड्डाणाचा आहे. ४५ अंश कलून वळताना तो ५७ होतो, ६० अंशांना ६८. बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेघेत) वळताना मागून वारा असला की विमान धावपट्टीची रेघ ओलांडून पुढे जातं. मग पोरगा कल वाढवतो, तेवढ्याने भागत नाही म्हणून पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबतो, नाक खाली जाऊ लागलं की स्टिक ओढतो. पाचशे फुटांवर हे तिन्ही एकत्र आले की स्पिन, म्हणजे गरगरत कोसळणं, आणि त्या उंचीवरून बाहेर यायला जागा नसते. तिथे काट्यावर ६५ दिसत असले तरी ते सरळ जाणाऱ्याचे ६५ आहेत. रेघ चुकली तर कल ३० अंशांपुढे न नेता पुन्हा फेरी मारायची.

वळवाच्या दिवसांत वारा झोताने येत असेल तर उतरण्याच्या वेगात झोताच्या फरकाचा निम्मा मिळवतात. वारा १० आणि झोत २० चा असेल तर पाच नॉट. पण काळा ढग अंगावर येताना दिसत असेल तर हा हिशेब करत बसू नये. समोरचा १५ नॉट वारा काही सेकंदांत फिरून मागचा १० झाला तर विमानाला वेग गाठायला सवड मिळत नाही आणि काटा ६५ वरून सरळ ४० वर येतो. पूर्ण फ्लॅपला ४० म्हणजे काय, ते वर आलंच आहे.

नळी बुजली तर

इथे ते पाण्याचे मिलिमीटर काढा. जमिनीजवळ शंभर फूट वर चढलं की हवेचा दाब सुमारे ३५ मिलिमीटर पाण्याइतका घटतो. एअरस्पीडचा सगळा खेळ शंभर-सव्वाशे मिलिमीटरांत. म्हणजे तीनशे फुटांची चढ-उतर ८० नॉटच्या अख्ख्या मापाएवढी आहे. पुस्तकात ‘चढताना जास्त दाखवतो’ एवढंच लिहिलेलं असतं; किती, ते बघा.

पिटोचं तोंड आणि पाणी जायचं बारीक छिद्र दोन्ही बुजलं तर आतला दाब कोंडला जातो. विमान ८० नॉटला असताना हे घडलं आणि शंभर फूट चढलं की १०६ अधिक ३५ म्हणजे १४१ मिलिमीटर, काटा ९२. तीनशे फुटांवर ११३. मिनिटाला सातशे फूट चढणारं विमान अर्ध्या मिनिटाच्या आत इथवर पोचतं. वैमानिकाला वाटतं वेग वाढतोय, तो नाक उचलतो, विमान आणखी चढतं, काटा आणखी पुढे जातो, खरा वेग मात्र घसरत असतो.

फक्त तोंड बुजलं आणि पाण्याचं छिद्र उघडं राहिलं तर आतला दाब गळून जातो आणि काटा शून्यावर येतो. हा बिघाड त्या मानाने प्रामाणिक, लगेच दिसतो.

स्टॅटिक बुजलं तर सगळं उलटं. उड्डाणाआधीच बुजलेलं असेल तर ७५ नॉटने शंभर फूट चढल्यावर काटा ५९ दाखवेल आणि पावणेतीनशे फुटांच्या आतच शून्य. उंचीचं यंत्र गोठलेलं, चढ-उतार दाखवणारा काटाही शून्यावर. वरच्या उंचीवर बुजलं आणि मग खाली आलात तर काटा जास्त दाखवतो, आणि ऐन उतरताना वैमानिक खरा वेग कमी करत जातो. स्टॅटिक बंद झाल्याचा संशय आला की पॅनेलवरची पर्यायी स्टॅटिकची खुंटी ओढायची. मग दाब केबिनमधून घेतला जातो. केबिनमधला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून वेग आणि उंची दोन्ही थोडी जास्त दिसतात. नेमकी किती, त्याचा तक्ता हँडबुकात असतो.

कुंभारीण

आपल्याकडे पिटो बुजवणारी पहिली आरोपी बर्फ नव्हे, कुंभारीण माशी. बांदीच्या धुऱ्यावरची किंवा गळक्या नळाखालची ओली माती उचलते, एखादं भोक शोधते, आत अंडं घालून बेशुद्ध केलेल्या अळ्या किंवा कोळी भरते आणि तोंड लिंपून टाकते. घरात ती दाराच्या कडीत आणि भिंतीतल्या प्लगमध्ये हे करते. पिटोचं तोंड तिच्या मापाचं. बऱ्याच जणांना वाटतं याला दिवस लागतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला २०१३ साली जमिनीवर दोनेक तास थांबलेल्या एअरबस ए३३० च्या पिटोत माशीने घर केलं आणि वेगाचे आकडे जुळेनात म्हणून विमान परत आलं.

फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. विमान बरेच दिवस उभं होतं आणि त्यातले काही दिवस पिटोवर झाकण नव्हतं. नळी समुद्रातून हाती लागली नाही, पण चौकशीत सर्वांत संभाव्य कारण माशीचं घर हेच मानलं गेलं. कॅप्टनचं यंत्र धावपट्टीवरच चालत नव्हतं, ते लक्षातही आलं होतं, तरी उड्डाण थांबवलं नाही. चढताना वर सांगितलेलाच प्रकार झाला: काटा पुढे पुढे, जास्त वेगाचा इशारा, आणि विमान प्रत्यक्षात स्टॉलकडे. सहवैमानिकाचं यंत्र बरोबर होतं.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेलं एरोपेरूचं ७५७ पडलं, ७० जण गेले. विमान धुताना-चकाकवताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. रात्र, खाली समुद्र, उंची नि वेग दोन्ही खोटे. म्हणून पोर्ट झाकायला पारदर्शक किंवा चंदेरी टेप कधीच वापरू नये. भडक रंगाची, लांब शेपटी लोंबत राहील अशी पट्टी हवी, आणि कामाच्या वहीत ‘लावली’ आणि ‘काढली’ अशा दोन सह्या.

उड्डाणाआधीची तपासणी अशी. लाल झाकण काढा, हातात घ्या आणि विमानात ठेवा, खिशात किंवा पंखावर नाही. झाकण नसेल तर फडक्याची गुंडाळी नळीत कोंबू नये, तिचे धागे आत राहतात. तोंडात टॉर्च मारून बघा. मातीचा कण, कोळ्याचं जाळं, मळणीच्या दिवसांतला भुसा, काहीही दिसलं तर तारेने कोरू नका आणि तोंडाने फुंकू तर मुळीच नका. साठ मिलिमीटरच्या दाबासाठी बनवलेली चकती माणसाच्या एका फुंकरीने वाकते आणि यंत्र कायमचं चुकीचं दाखवू लागतं. नळी यंत्रापासून सोडवून, उलट दिशेने हवा सोडून साफ करणं हे इंजिनिअरचं काम. खालचं पाण्याचं छिद्रही बघा. १७२ ला स्टॅटिक पोर्ट डाव्या बाजूला पुढे असतो. त्यावर मेण, पॉलिश, रंग नको. पिटोचा हीटर तपासायचा तर अर्धा मिनिट चालू करून हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा आणि बंद करा. वारा नसताना तो तसाच चालू ठेवला तर जळतो, आणि बोटंही भाजतात. पावसाळ्यात विमान हँगरात असलं तरी झाकण हवंच. माशीला हँगर उलट जास्त आवडतो.

शेवटची तपासणी धावपट्टीवर. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर काटा हलला की ‘एअरस्पीड अलाइव्ह’ असं मोठ्याने म्हणायचं. दोन यंत्रं असतील तर दोन्ही जुळतात का बघायचं. ४० नॉटच्या सुमाराला काटा जिवंत नसेल तर थ्रॉटल मागे, ब्रेक, परत. बिरसीसारख्या लांब धावपट्टीवर याला भरपूर जागा असते. आखूड पट्टीवर थांबायची खूण आधी ठरवून ठेवावी, एखादा दिवा किंवा झाड.

हवेत असताना काटा खोटा ठरला तर

१ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं ए३३० अटलांटिकवर पडलं. बर्फाच्या कणांनी पिटो बुजले, ते मिनिटाभराच्या आत मोकळेही झाले. पण तेवढ्यात ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढलं गेलं, विमान स्टॉल झालं आणि ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात. २२८ जण गेले. काटे परत खरं बोलू लागले होते, तरीही.

उपाय जुनाच: नाकाचा कल आणि इंजिनाची ताकद ठरलेली असेल तर वेग आपोआप ठरतो. १७२ ला सपाट उड्डाणात २३०० आरपीएम म्हणजे शंभर नॉटच्या आसपास. पूर्ण थ्रॉटल आणि नाक क्षितिजावर आठ-दहा अंश म्हणजे ७५-८० ची चढण. प्रत्येक विमानाचे हे आकडे चांगल्या दिवशी, काटा चालू असताना लिहून घ्यायचे: चढण, सपाट, फ्लॅपशिवाय उतरण, फ्लॅपसह उतरण. चार ओळींचं कार्ड गुडघ्यावरच्या पॅडला लावून ठेवायचं. मग इन्स्ट्रक्टरला यंत्र झाकायला सांगून दोन-तीन लँडिंग करून बघायची. ज्याला काट्याच्या मागे धावायची सवय आहे, त्याचं विमान पहिल्या फेरीत झोक्यासारखं वर-खाली होतं, कारण काटा नेहमी मागाहून बोलतो. कल आधी बदलतो, वेग नंतर.

जीपीएसचा ग्राउंड स्पीड अशा वेळी आधार म्हणून चालतो, पण वाऱ्याचा हिशेब लावूनच. स्टॉलचा भोंगा पिटोवर अवलंबून नसतो, तो पंखाच्या पुढच्या कडेला स्वतंत्र असतो, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा. काटा कितीही सांगो, भोंगा वाजला की नाक खाली.

उतरल्यावर बिघाड वहीत लिहिताना ‘एएसआय (एअरस्पीडचं यंत्र) खराब’ एवढंच लिहू नये. चढताना की उतरताना, किती उंचीला, उंचीचं यंत्र चालत होतं का, काटा गोठला, थरथरला की शून्यावर गेला, हे लिहिलं तर इंजिनिअरला अर्धं उत्तर मिळतं. थरथरत असेल तर बहुधा नळीत पाणी. उंचीचं यंत्रही गोठलं असेल तर स्टॅटिक. फक्त वेग गेला तर पिटो किंवा तिची रबरी जोडणी. आपल्या उन्हात रबर दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतं. गळती बघायला स्टॅटिक नळीत हजार फूट चढल्याइतका दाब कमी करून बंद करतात. मिनिटाभरात उंचीचा काटा शंभर फुटांहून जास्त घसरला तर सगळे सांधे एकेक करून उघडायचे.